चित्र लहान छापा, पण अख्खं छापा

संपादक महोदय, नमस्कार.

परवाच्या रविवार पुरवणीत निसर्गचित्रांवरचा लेख वाचला, लेख छानच होता, पण सोबतची चित्रं बघून हळहळ वाटली. आकाश कापलंय, डोंगर अर्धा गायब आणि खालची माणसं तेवढी मोठी करून छापलीत! लेआउट करणाऱ्यांना वाटलं असेल माणसं नीट दिसत नाहीत, जरा मदत करू. अहो, ती चटकन दिसू नयेत म्हणून तर चित्रकाराने एवढा खटाटोप केलाय.

विल्यम डाइसचं 'पेगवेल बे' घ्या. इंग्लंडमधल्या केंटचा किनारा, ५ ऑक्टोबर १८५८ ची आठवण, चित्रकाराच्या घरच्या बायका आणि मुलगा शिंपले वेचतायत. तुम्ही छापलंत ते एवढंच. वर जे आकाश कापलं त्यात डोनाटीचा धूमकेतू आहे, इतका पुसट की शोधावा लागतो, आणि बायकांचं तिकडे लक्षसुद्धा नाही. तो परत यायला साधारण २००० वर्षं लागतात. मागचा पांढरा कडा खडूचा, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाची कवचं तळाशी साचून साचून झालेला, त्याला झाली ८ कोटी वर्षं तरी. आणि पायाखाली ओहोटीची ओली वाळू, काही तासांत परत पाण्याखाली जाणारी. मी आपला सहज हिशोब केला, ही ८ कोटी वर्षं एका दिवसात बसवली तर धूमकेतूची अख्खी फेरी जेमतेम २ सेकंदांची होते, आणि माणसाची ८० वर्षं सेकंदाच्या दहाव्या भागातसुद्धा संपतात. हे सगळं त्या एका चित्रात आहे हो, आणि आपल्याकडे उरले शिंपले!

चीनच्या फान क्वानचं तर विचारूच नका. सुमारे १००० वर्षांपूर्वी रेशमावर काढलेलं ते चित्र २ मीटरपेक्षा उंच आहे, बहुतेक सगळा डोंगरच, आणि पार खाली मुंग्यांएवढा खेचरांचा तांडा. त्याने स्वतःची सहीसुद्धा झाडाच्या पानांत अशी दडवली की लोकांना ती १९५८ मध्ये सापडली. अशा माणसाचं चित्र क्रॉप करून खेचरं मोठी करायची म्हणजे कमाल आहे.

ज्याला झूम करायचंय तो मोबाईलवर दोन बोटांनी करेलच. जागा कमी असेल तर चित्र लहान छापा, चालेल, खाली मूळ चित्राची लांबी-रुंदी तेवढी द्या.

– एक नियमित वाचक