कंट्रोलर बसवण्याआधी मीटरची जोडणी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपुरात छतावरच्या सौर पॅनेलपाठोपाठ घरांत आणि हिंगणा, बुटीबोरीच्या लहान कारखान्यांत एनर्जी मॅनेजमेंट कंट्रोलर येऊ लागले आहेत. ऊन असेल तेव्हा पंप, गिझर, गाडीचा चार्जर सुरू करायचा आणि मंजूर भाराच्या वर लोड जाऊ द्यायचा नाही, हे त्याचे काम. हे सगळे तो एका मीटरच्या आकड्यांवर ठरवतो. मीटर चुकीचे जोडले असेल तर कंट्रोलर कितीही महागडा असो, तो चुकीचेच निर्णय घेणार. यातल्या बहुतेक चुका पहिल्याच दिवशी तासाभरात पकडता येतात, म्हणून हे पत्र.

आधी सीलबद्दल. महावितरणच्या मीटरच्या टर्मिनलला ग्राहकाने किंवा वायरमनने एकही तार लावायची नाही, मग ते मीटर जुने असो वा स्मार्ट. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार मीटरशी छेडछाड वीजचोरीत मोडते आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मीटरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यासमोर सेन्सर चिकटवण्याची टूमही निघाली आहे. एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकणाऱ्या (३२०० इम्पल्सच्या) मीटरवर १ किलोवॅट लोडला तो दिवा साधारण सव्वा सेकंदाच्या आत एकदा लुकलुकतो, त्यामुळे हिशेब जमल्यासारखा वाटतो. पण वीज आत येते आहे की बाहेर जाते आहे, हे नुसत्या लुकलुकण्यावरून कळत नाही. सौर जोडणी असेल तर तो आकडा निरुपयोगी. तेव्हा मेन स्विचच्या पुढे, आपल्या बाजूला, स्वतःचे दुहेरी दिशा मोजणारे सब-मीटर बसवणे हाच सरळ मार्ग.

ते नेमके कुठे बसवायचे, इथेच पुष्कळ जण चुकतात. मेन स्विच आणि सौर इन्व्हर्टरची तार जिथे मिळते तो सांधा, या दोहोंच्या मध्ये मीटर किंवा त्याची सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारेभोवती बसवून तिच्यातला प्रवाह मोजणारे कडे) हवी. ती सांध्याच्या पलीकडे, घराच्या लोडकडे बसली तर कंट्रोलरला फक्त घराचा वापर दिसतो. जास्तीची वीज ग्रीडकडे जाते आहे, हे त्याला कधीच कळत नाही.

सीटीवर पी१ आणि पी२ अशा खुणा असतात. पी१ची बाजू महावितरणकडे ठेवावी. तीन फेजच्या जोडणीत एक सीटी उलटी बसली तर समतोल लोडवर एकूण आकडा खऱ्याच्या एक तृतीयांश दिसतो, कारण दोन फेजची बेरीज होते आणि तिसरी वजा होते. आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर आणि वाय फेजच्या सीटींची अदलाबदल झाली तर बेरीज जवळजवळ शून्य येते. कारखाना जोरात चालू आहे आणि कंट्रोलर शून्य दाखवतो आहे, तर पहिला संशय याच अदलाबदलीवर घ्यावा. सीटी २००/५ची (मुख्य तारेत २०० अँपिअर असताना मीटरला ५ अँपिअर देणारी) आणि मीटरमध्ये १००/५ भरले असेल तर आकडा बरोबर निम्मा.

५ अँपिअरच्या सीटीची दुय्यम बाजू (मीटरकडे जाणाऱ्या एस१, एस२ या तारांची) लोड चालू असताना कधीही उघडी ठेवू नका. तिथे जीवघेणे व्होल्टेज तयार होते. मीटर काढायचे असेल तर आधी एस१ आणि एस२ एकमेकांना जोडून शॉर्ट करा. त्यासाठी शॉर्टिंग लिंकचा टर्मिनल ब्लॉक बसवायला कंजुषी करू नये. सीटी आणि मीटर यांत १० मीटर अंतर असेल तर २.५ चौ. मिमी तांब्याच्या तारेतच साधारण साडेतीन व्हीए (व्होल्ट-अँपिअर) खर्च होतात. सीटीची क्षमता २.५ व्हीएच असली तर अचूकता गेलीच. अशा ठिकाणी १ अँपिअरची सीटी घ्यावी, तारेतला खर्च पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. अर्थात मीटरही १ अँपिअरच्या सीटीला चालणारे हवे.

मीटर आणि कंट्रोलर यांच्यात सहसा आरएस-४८५ नावाची दोन तारांची जोडणी आणि त्यावरून आकडे विचारण्या-सांगण्याची मॉडबस ही पद्धत असते. पिळाची शील्डेड (धातूचे आवरण असलेली) केबल वापरा, पॉवरच्या तारांसोबत एकाच पाइपातून नेऊ नका, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळी करा, मधून फाटे नकोत. लांब केबल असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर. या दोन तारांची ए आणि बी ही नावे सगळ्या कंपन्या सारख्या अर्थाने वापरत नाहीत; संपर्क होत नसेल तर दोन तारा बदलून पाहाव्यात, त्याने काही जळत नाही. प्रत्येक मीटरचा पत्ता, म्हणजे लाइनवरचा ओळख क्रमांक, वेगळा हवा. कारखान्यातून बरीच मीटर १ याच पत्त्यावर येतात.

सौर घरांत यापेक्षा मोठी अडचण वेगळीच असते. इन्व्हर्टरसोबत आलेले मीटर आधीच इन्व्हर्टर वाचत असतो. त्याच दोन तारांवर कंट्रोलर जोडला की एका लाइनवर प्रश्न विचारणारे दोघे होतात, आणि अशा तारांवरच्या मॉडबसमध्ये (मॉडबस आरटीयू) विचारणारा एकच लागतो. मग आकडे मधूनच येतात, मधूनच गायब होतात. अशा वेळी कंट्रोलरसाठी वेगळे मीटर घ्यावे किंवा इन्व्हर्टरकडूनच आकडे घ्यावेत.

संपर्क झाला की आधी व्होल्टेज वाचा. २३०च्या जवळपास आले तर ठीक. २३०० दिसले तर दहाने भागायचे राहिले आहे. १७,२५०च्या आसपासचा आकडा आला तर ३२ बिटांची फ्लोट (दशांशाची) संख्या अर्धवट वाचली जाते आहे; ती मीटरमधल्या दोन रजिस्टरांत, म्हणजे आकडे साठवण्याच्या कप्प्यांत, असते. जवळपास शून्य आले तर त्या दोन रजिस्टरांचा क्रम उलटा आहे, किंवा रजिस्टर क्रमांकात एकाचा फरक पडला आहे. त्यानंतर सौर इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक फेजवर २ किलोवॅटचा गिझर लावून पाहा. त्या फेजवर साधारण ९ अँपिअर आणि २ किलोवॅट अधिक चिन्हासह वाढले पाहिजेत. ही चाचणी न करता पैसे चुकते करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. मीटर गप्प झाले तर कंट्रोलर काय करतो, हे केबल काढून बघा. काही कंट्रोलर शेवटचा आकडा धरून बसतात आणि चार्जर चालूच ठेवतात. ठरावीक सेकंदांत उत्तर आले नाही तर लोड कमी करण्याची सेटिंग हवी. आणि कंट्रोलर गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. मे महिन्यात बाहेरच पारा कधीकधी ४५च्या वर जातो, पेटीच्या आत तो त्याहून बराच चढतो.

सौर कंत्राटदारांना विनंती, काम संपल्यावर ग्राहकाला एक कागद लिहून द्या: सीटीचे प्रमाण, मीटरचा पत्ता, बॉड रेट (संदेशाचा वेग), पॅरिटी (संदेशातली चूक पकडण्याची सेटिंग), वाचलेली रजिस्टरे, चाचणीचे आकडे आणि हाताने काढलेली का होईना, जोडणीची आकृती. तो डीबीच्या (वितरण पेटीच्या) दाराच्या आत चिकटवावा. चार वर्षांनी इन्व्हर्टर बदलायला येणारा वायरमन दुसराच असतो.

आपला,
एक विद्युत अभियंता, नागपूर