चालते सर

प्रिय बंड्या,

सहा महिने ना पत्र ना फोन. रागावला असशील तर माफ कर. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठीक. पण मंगळवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू? घरी ‘बायसेक्ट’ म्हटलं की ही म्हणते, झोपा आता.

आमच्या ॲपच्या बिलात सूट दोनदा वजा होत होती. मागच्या महिन्यात बरोबर, आता चूक, मधे २०० कमिट, म्हणजे कोडमधले नोंदलेले २०० बदल. म्हणून गिट बायसेक्ट लावलं: ते मधलं कमिट काढून देतं, आपण तपासून ‘गुड’ की ‘बॅड’ सांगायचं. दर फेरीला अर्धे गळतात, सात-आठ फेऱ्यांत दोषी हाती लागायला पाहिजे. रात्रीचे अकरा, कूलर सुरू, आणि दर वेळी ॲप उभं व्हायला दोन-अडीच मिनिटं. त्या अडीच मिनिटांतच हात मोबाइलकडे जातो बे! पाचव्या फेरीला तर्री पोह्यांचा व्हिडिओ पाहत होतो. मान वर केली, चूक समोर दिसत होती, आणि मी टाइप केलं ‘गुड’.

एक उत्तर चुकलं तरी बायसेक्ट काही बोलत नाही. चुकीच्या अर्ध्यात शोधत राहतं आणि एका निरपराध कमिटवर बोट ठेवतं. ते निघालं अमरावतीहून आलेल्या आमच्या नव्या पोराचं. मी डिफ, म्हणजे त्यात नेमकं काय बदललं तेसुद्धा, न उघडता साडेबाराला १४ जणांच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकलं.

सकाळी पाहतो तर त्यानं फक्त बटणाचा रंग बदललेला. मग बायसेक्ट लॉग, म्हणजे माझ्या उत्तरांची नोंद, फाइलीत काढला, ‘गुड’चं ‘बॅड’ केलं, त्याखालच्या ओळी उडवल्या आणि ती उत्तरं पुन्हा चालवायला रीप्ले दिला. खरं कमिट तीन फेऱ्यांत सापडलं. नाव ग्रुपवर घेतलं होतं म्हणून माफीही ग्रुपवरच मागितली. पोरगा म्हणाला, “चालते सर.” पण तेव्हापासून तो माझ्या टेबलाशी येत नाही. आधी दिवसातून दहा चकरा मारायचा. काल बिल्ड, म्हणजे कोडचं ॲप बनवणं, अडलं तर दोन तास एकटाच झगडत बसला, मला विचारलं नाही. हेच डोक्यातून जात नाही.

आता रात्री मोबाइल फ्रिजवर ठेवतो, स्क्रीनही काळीपांढरी केली. राखाडी तर्री कोण पाहील? आणि तपासणीची स्क्रिप्ट लिहून बायसेक्ट रन लावतो, उत्तरं तीच देते: ० म्हणजे चांगलं, १ म्हणजे वाईट, बिल्डच झालं नाही तर १२५, ते कमिट वगळायचं. मधे थांबणं नाही, मोबाइलही नाही. हाताने तपासू नको, हे तू होस्टेलातच सांगायचास. मी भांडायचो. तुझंच बरोबर होतं.

काकूंचा गुडघा कसा आहे? वहिनींची बदली थांबली का? दिवाळीत ये, अंबाझरीला चक्कर मारू.

पेनड्राइव्ह आठवतो ना? प्रोजेक्ट तूच उडवला, असं मी अख्ख्या मेसमध्ये ओरडलो होतो, आणि फाइल लंबूच्या मशीनवर निघाली. आठ दिवस तू दुसऱ्या टेबलावर जेवलास. नवव्या दिवशी ताट घेऊन तूच माझ्यासमोर येऊन बसलास. मी काय केलं होतं म्हणून आलास, की काहीच केलं नव्हतं तरी आलास? तेव्हा विचारलं नाही. आता लवकर लिही.

तुझा,
दाद्या