दादा, गंधार सापडला

ऑटवा

प्रिय दादा,

आई-बाबांना नमस्कार सांग. तब्येत बरी आहे, कोपऱ्याकोपऱ्यात बर्फ आहेच अजून. फोनवर तू दोन मिनिटांत ‘चल ठेवतो’ म्हणतोस म्हणून हे लिहितेय.

तुला आठवतं का, नौपाड्याच्या घरी तू निर्वाणा बँडची कॅसेट लावलीस की बाबा बाहेरून ओरडायचे, अरे भांडी पडतायत का काय, आणि मी दार लोटून पाठ लावून उभी राहायचे. त्यातलंच ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ परवा बसमध्ये ऐकलं, पण पॉल अँकाने म्हटलेलं! तोच रे, 1957 च्या ‘डायना’वाला. साठी उलटल्यावर 2005 मध्ये त्याने ‘रॉक स्विंग्ज’ नावाचा अल्बम काढला, त्यात हे आहे, व्हॅन हेलनचं ‘जंप’ आहे, ‘आय ऑफ द टायगर’ आहे, सगळं ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्यासकट. तो मूळचा इथलाच, ऑटव्याचा, त्याच्या नावाचा रस्तासुद्धा आहे इकडे.

घरी येऊन कीबोर्डवर वाजवून बघितलं तेव्हा कळलं की काय होतंय. तू गिटारवर पॉवर कॉर्ड धरायचास ना, त्यात नुसता सा आणि प, गंधार नाहीच, कारण डिस्टॉर्शनमध्ये गंधार घातला की सगळं गढूळ होतं. म्हणजे गाणं खुशीतलं की उदास हे त्या कॉर्डवरून ठरतच नाही! लाउंजवाल्याचा, म्हणजे हॉटेलात बसून हळुवार गाणी म्हणणाऱ्याचा, पियानो स्वच्छ असतो, तो गंधार घालतो, वर निषादही, ड्रमवाला काठ्या ठेवून ब्रश फिरवतो आणि मग शब्द नीट ऐकू येतात, जे मी इतकी वर्षं नुसते ओरडत होते.

नूवेल व्हाग म्हणून फ्रेंच मंडळी आहेत, 2004 चा पहिला अल्बम, जुनी पंक आणि न्यू वेव्ह रॉक गाणी बोसा नोव्हात, म्हणजे त्या संथ ब्राझिलियन ढंगात. गायिका म्हणे मुद्दाम मूळ गाणं न ऐकलेल्या घेतल्या. त्यांचं ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ ऐक, जॉय डिव्हिजनचं 1980 चं. इतकं हळू म्हटलंय की वाटतं भिंतीपलीकडे कुणाचा तरी संसार मोडतोय आणि दोघांपैकी कुणीच आवाज चढवत नाहीये. मी भांडी घासता घासता नळ बंद करून उभी राहिले.

काहीजण हे चेष्टेसाठी करतात, रिचर्ड चीज तसाच, मला ते दोन गाण्यांपुढे ऐकवत नाही. अँका मनापासून गातो रे.

आता एक काम कर. रविवारी बाबा तलावपाळीवरून फिरून आले, चहा झाला, की त्यांना अँकाचं ते लाव. नाव सांगू नकोस. गडकरीला संगीत नाटक बघून आले की रात्री पेटीवर पद काढणारा माणूस आहे तो, पेटी समोर ठेव आणि विचार, बाबा यात गंधार कोमल की शुद्ध? काय म्हणतात ते लगेच कळव. मी जागी असेन.

तुझी,
छोटी