फोटो ‘संग्रहित’, काढणारा बेपत्ता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला युद्धछायाचित्रणावरचा लेख वाचला. मेहनत घेतली आहे, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटावर अमेरिकी सैनिकांनी लावलेल्या झेंड्याच्या फोटोचं सगळं श्रेय जो रोझेन्थाल यांच्या पदरात घालून सैन्यातल्या फोटोग्राफरांना ‘प्रचारखात्याचे पगारी’ म्हणत एका ओळीत निकालात काढलंय, हे काही पटलं नाही.

रोझेन्थाल असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचे. फोटो थोर, पुलित्झर मिळालं ते योग्यच. पण २३ फेब्रुवारी १९४५ च्या सकाळी बेटावरच्या सुरिबाची डोंगरावर पहिला झेंडा लागला तेव्हा ते तिथं नव्हतेच. होता लू लोअरी, अमेरिकी मरीन दलाचा सार्जंट. त्यानं फोटो काढले, पाठोपाठ जपान्यांचे हातबॉम्ब आले, जीव वाचवायला त्यानं उतारावर अंग झोकून दिलं आणि त्यात कॅमेरा फुटला. रोझेन्थालांचा फोटो नंतर लावलेल्या मोठ्या झेंड्याचा, आणि त्या वेळी त्यांच्या शेजारीच बिल जेनॉस्ट रंगीत फिल्म घेत होता. तोही मरीन सार्जंट. ‘फोटो ठरवून काढला’ अशी बोंब उठली तेव्हा त्याचीच फिल्म साक्षीला आली. आणि हा जेनॉस्ट ९ दिवसांनी, ४ मार्चला, टॉर्च घेऊन एका गुहेत शिरला तिथंच मारला गेला. देह आजतागायत सापडलेला नाही. पगारी माणसाला गोळी लागत नाही, अशी लेखकाची समजूत दिसते.

लेखासोबतच्या फोटोखाली काय छापलंत? ‘संग्रहित’. ज्यांचे गोडवे गायले त्या रोझेन्थालांचंही नाव नाही!

हे मला झोंबतं, कारण माझा फोटो स्टुडिओ होता. २०१९ च्या महापुरात कॅमेरा डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून गेलो आणि एका घराच्या स्लॅबवर बांधलेल्या म्हशीचा फोटो काढला. पाठीवर ताडपत्री, खाली पाणी, शेजारी म्हातारा वैरण घालतोय. एका दैनिकानं (आपलं नव्हे, म्हणून तर आपल्याला लिहितोय) तो मागून नेला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार कॉलम छापला. खाली ‘संग्रहित’. आदल्या संध्याकाळी काढलेला फोटो रातोरात संग्रहात कसा जातो? फोन केला तर म्हणाले, नावाला जागा नव्हती. त्याच पानावर चिटफंडाची जाहिरात मात्र ऐसपैस पसरली होती. मानधनाचं तर नावच नको. त्या म्हाताऱ्यानं पेपर पाहून मला विचारलं, ‘तुमचं नाव कुठाय?’ काय सांगणार, कपाळ?

लोअरी आणि जेनॉस्ट यांची नावं पुढच्या रविवारी दोन ओळींत छापावीत, एवढीच विनंती. जागा नसेल तर राशिभविष्यातली एखादी रास गाळा, कुणाचं काही बिघडत नाही.

आणि हो, गेल्या गुरुवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आडव्या १४ वरून आमच्या घरात रोज भांडण आहे.

आपला,
एक जुना वाचक, पलूस (जि. सांगली)