तिथी बघून निघू

डोंबिवली,
रविवार दुपार

प्रिय मन्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा एक्सेलचा तक्ता मिळाला. रंग मस्त भरलेयस. पण 'दिवस पहिला : ३४० किमी, सायंकाळी ५.३० मालवण बीच, फोटो' हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. लेका, आपण सुट्टीवर निघालोय की कुरिअर पोहोचवायला? हायवेनेच मालवण गाठायचं असेल तर मोटरसायकली घरी ठेवू. कोकण रेल्वेने कुडाळला उतरू, वाटेत दोन डुलक्याही होतील. हायवेवरून समुद्र दिसत नाही रे. माणगाव, महाड, खेड, चिपळूण, सगळी आतली गावं. तिकडून गेलास तर कोकणात जाऊन कोकण चुकवल्यासारखं होईल.

आपण सागरी मार्गाने जायचं. रेवस ते रेडी. कागदावर हा रस्ता पाचशेच्या आसपास किलोमीटरचा, त्यामुळे तू लगेच भागाकार करशील आणि दोन दिवस पुरे म्हणशील. पण या रस्त्याला मध्ये मध्ये खाड्या तोडतात. राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. यांच्यावर समुद्राजवळ पूल नाहीत, गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. बोट चुकली की काठावर बसायचं, चहा प्यायचा, पुढच्या बोटीची वाट बघायची. त्यात भर म्हणून दर दोन किलोमीटरला एक वाडी, एक उतार, एक आंधळं वळण. तासाला तीस-पस्तीस किलोमीटर पडले तरी खूप. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दिवसाला शंभर-सव्वाशेच्या वर जायचं नाही, आणि सगळा बेत किलोमीटरवर नाही, भरती-ओहोटीवर बसवायचा.

हसू नकोस, पुढे वाच. आमच्या आजोबांचा हिशेब तुला सांगितलाय का कधी? तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, षष्ठीला साडेचारला, अष्टमीला सहाला. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याला जोर कमी. थोडं मागेपुढे होतं, पण आपल्या कामाला पुरतं. तू भौतिकशास्त्र शिकवतोस, हा पाऊणपट कुठून आला ते तुला माझ्यापेक्षा नीट कळेल. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, त्यातच ते आहे.

आता याचा आपल्याला उपयोग काय, तर हेदवी. गुहागरच्या दक्षिणेला हेदवीच्या किनाऱ्यावर खडकात एक अरुंद चीर आहे, बामणघळ म्हणतात. ऐन भरतीत लाट त्या चिरेत घुसते आणि जागा न उरल्यामुळे पाणी थेट वर उसळतं. ओहोटीला गेलास तर नुसते काळे खडक आणि चार खेकडे. म्हणजे हेदवी उधाणाच्या जवळच्या तिथीला आणि सकाळी यायला हवी. शुद्ध त्रयोदशी धर. पाऊणपट केलं की पावणेदहा. आदल्या रात्री गुहागरात मुक्काम, सकाळी घावन-चटणी खाऊन निघालो की नऊच्या सुमारास हेदवी. (घळीच्या कडेला उभं राहून सेल्फी काढायचा नाही. तिथे माणसं गेलीयत.) तिथून मागे मोजत जा. द्वादशीला हर्णै ते गुहागर, एकादशीला दिवेआगर ते हर्णै, दशमीला घर ते दिवेआगर. पौष शुद्ध दशमीला निघायचं, झालं. थंडी, आंब्याला मोहोर, आणि नाताळची गर्दी ओसरलेली.

एकादशीचा एक घोटाळा आहे, तो आधीच सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी आपण हर्णैच्या बंदरात असू. होड्या लागलेल्या, वाळूवर सुरमई-पापलेटचे ढीग, लिलावाचा आरडाओरडा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आणि तुझा उपास. काकूंना विचारून ठेव, द्वादशीला दुपटीने खाल्लं तर चालतं का. मी तरी थांबणार नाही.

पहिल्या दिवशी आपण वेगवेगळे निघू. मी भाऊच्या धक्क्यावरून गाडी नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडव्याला, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, आगरदांड्याहून फेरीने दिघी. तू पुण्याहून ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा आणि खाली दिवेआगर. अंतरं जवळपास सारखीच पडतील. जंजिऱ्यात शिरायचा हट्ट या खेपेला नको, त्यात अर्धा दिवस जातो. रस्त्यावरून दिसतो तेवढा पुरे. दिवेआगरला जेवणाचं मात्र आधी कळवावं लागतं. घरगुती खानावळीत फोन केला की पहिला प्रश्न 'किती पानं?' आणि दुसरा 'पोहोचणार कधी?'. उत्तर दिलं नाही तर मोदक नाहीत.

दुसऱ्या दिवसाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना शेखाडी-आरावीचा रस्ता अक्षरशः लाटांच्या कडेने जातो. तिथे तू थांबशील, मीही थांबेन. पण बाणकोट खाडीची फेरी जिथून सुटते त्या बागमांडल्याच्या धक्क्यावर साडेदहा-अकरापर्यंत पोहोचायचंच. एकादशीला भरती सव्वाआठला, म्हणजे ओहोटी अडीचच्या आसपास. पाणी उतरलं की धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो, आणि त्याच्यावर हिरवं शेवाळ आणि बोटबोटभर चिखल असतो. बोटीची लोखंडी झडप त्याच्यावर टेकते, खलाशी शिट्टी मारतो, मागे बोलेरोवाला हॉर्न देतो, आणि तुला ती दोनशे किलोची हिमालयन उतारावरून खाली न्यायची असते. तेव्हा पहिला गिअर, क्लच सोडलेला, पुढचा ब्रेक अजिबात नाही, दोन्ही पाय मोकळे. आत चढलो की गाडी गिअरमध्ये ठेवून मेन स्टँडवर. साइड स्टँडवर सोडलेल्या गाड्या इंजिनच्या थरथरीने सरकताना मी बघितल्यात. इतकं केलं की मग वर कठड्याशी जाऊन निवांत उभा राहा. त्या खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब कित्येक वर्षं उभे आहेत.

खरं सांगायचं तर मला घाई याच कारणाने आहे. आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड, सगळीकडे आता मोठे पूल होऊ घातलेत. व्हायलाच हवेत. रात्री बाळंतीण अडली की फेरीबोटीची वाट बघत बसणाऱ्या गावांना तू-मी 'बोटीतली मजा' सांगणं बरं नव्हे. पण पूल झाले की हा प्रवास वेगळा होईल, आणि तो कोणीही कधीही करू शकेल. हा आत्ताचा करून घेऊ.

खाडीपलीकडे वेसवीला उतरलं की बाणकोटचा किल्ला, पुढे वेळास. कासवं बघायला मिळणार नाहीत, पिल्लं साधारण फेब्रुवारीच्या पुढे निघतात. त्यासाठी वहिनींना आणि पोरांना घेऊन वेगळा ये. केळशीहून आडे, पाडले करत आंजर्ल्यापर्यंतचा रस्ता मला अख्ख्या मार्गात सगळ्यात आवडतो, त्याचं वर्णन करत नाही, तू बघच. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी गाड्या थांबवू.

दाभोळची फेरी द्वादशीला कधीही घेतली तरी चालेल. गाड्या बऱ्याच, बोटीही बऱ्याच. गुगलवर मात्र विसंबू नकोस. कधी तो खाडीवरून सरळ रेघ ओढतो आणि फेरीच्या वेळेचं नावही काढत नाही, कधी चिपळूणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा दाखवतो. प्रत्येक फेरीच्या वेळा आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारायच्या. त्यांना पाठ असतात.

हेदवीनंतर तवसाळ-जयगड फेरी, केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. चतुर्दशीला पावस, पूर्णगड, गावखडी, आडिवरे, जैतापूर करत वाघोटण खाडीला वळसा घालून विजयदुर्ग. तिथे किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' दाखवतात, १८६८ च्या ऑगस्टमधल्या खग्रास ग्रहणाची आणि तेव्हा तिथूनच हेलियम सापडल्याची गोष्ट सांगतात. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता असं म्हणून तू गाइडशी वाद घालणार, मला माहीत आहे. संध्याकाळ तिथेच संपेल. पुनवेला देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. मालवणात एक दिवस गाड्यांना हात लावायचा नाही.

पुढे वेंगुर्ला, शिरोड्याची मिठागरं, रेडी. त्या भागात या दिवसांत कुठे ना कुठे जत्रा आणि दशावतार असतोच. खेळ रंगायला मध्यरात्र होते आणि पहाटेपर्यंत चालतो. राजाचं काम करणारा नट शेजारच्या टपरीवर मुकुटासकट चहा पिताना दिसला तर दचकू नकोस. फक्त रात्र जागवली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोप, मगच किल्ली. परत येताना तू आंबोलीवरून कोल्हापूर, पुणे. मी हायवेने. तेव्हा हायवेला काही बोलणार नाही.

गाड्यांचं. माझ्या युनिकॉर्नला तू 'दूधवाल्याची गाडी' म्हणतोस ते ठीक आहे, पण ती लिटरला पन्नास देते आणि खेड्यातला कुठलाही मेकॅनिक ती डोळे मिटून उघडतो. तुझ्या हिमालयनच्या चाकांत ट्यूब आहे, तेव्हा पुढची-मागची एकेक जादा ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या तू आणायच्या. क्लच वायर, प्लग आणि हवेचा छोटा पंप मी आणतो. खाऱ्या वाऱ्याने चेन दोन दिवसांत तांबूस होते, म्हणून रोज रात्री गोड्या पाण्याची एक बादली मागून घ्यायची आणि चेनला ल्यूब. आणि पुळणीवर गाडी उतरवायची नाही, कोणी रील करत असलं तरी. एकतर चाक रुततं, दुसरं म्हणजे पोलीस पावती फाडतात, आणि ते बरोबरच करतात.

अंधारात चालवायचं नाही, यावर मात्र चर्चा नको. सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यानंतर रस्त्याच्या मधोमध गुरं बसलेली असतात, आणि जांभ्याचे चिरे भरलेले डंपर घाटात एकाच दिव्यावर येतात. साडेपाचला मुक्काम. उरलेल्या वेळात तुझे फोटो.

तर आता तू एवढंच कर. कॉलेजात रजेचा अर्ज टाक, परीक्षांचं वेळापत्रक लागायच्या आत. पंचांग बघून पौष शुद्ध दशमीची तारीख मला कळव, आमच्याकडचं कॅलेंडर अजून जुन्याच वर्षाचं आहे. दिवेआगर आणि गुहागरच्या खोल्या मी सांगतो, मालवणची तू बघ, वरच्या मजल्यावरची नको, सामान चढवायचा कंटाळा येतो.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, रोज संध्याकाळी फोन येईल.

तुझा,
बाळ्या

ता. क. मागच्या सीटवरच्या पिशव्या बांधायला तुझ्याकडचे ते हुकवाले रबरी पट्टे आणू नकोस, डोळ्यावर सुटतात. साधी सुती दोरी आण. गाठी मी मारतो.