चेटकिणीचा हात

पुणे, रविवार

प्रिय वृंदा,

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसले. ज्या सिनेमातल्या पहिल्याच किंकाळीला तू माझ्या पाठीमागे लपायचीस, त्याचाच रिमेक, आणि भुताची रंगभूषा तुझ्याकडे! निर्मात्यांनी केलेल्या बदलांची यादीही वाचली. नायिका या वेळी आदिवासी पाड्यावरची, तिचा जिवलग मित्र मुसलमान, पोलीस अधिकारी बाई. चांगलं आहे, आणि हे मी खवचटपणे म्हणत नाहीये. पण त्या यादीत भुताचं नाव नाही. म्हणजे भूत होतं तसंच राहणार, एक खांदा पाडून लंगडत येणारं. ‘आणखी काय सुधारता येईल?’ असं तू विचारलंयस, म्हणून ‘द विचेस’बद्दल लिहिते.

मुलांचे उंदीर करणाऱ्या चेटकिणींची ती गोष्ट. मूळ पुस्तक रोआल्ड डाल यांचं, 1983 चं. निकोलस रोग यांचा सिनेमा 1990 चा, तो आपण तुझ्या मामाकडे व्हीसीआरवर पाहिला होता. चेटकिणींची म्होरकी झालेली अँजेलिका ह्यूस्टन चेहरा सोलून काढते आणि आतून ते लांबलचक नाक बाहेर येतं, तिथे मामींनी टीव्ही बंद केला होता आणि आपण रडून तो पुन्हा लावायला लावला होता. बाहुल्या-मुखवटे घडवणाऱ्या जिम हेन्सनच्या कारागिरांचं काम होतं ते, म्हणजे तुझ्याच बिरादरीचं.

2020 मध्ये रॉबर्ट झेमेकिसनी तो पुन्हा केला. लेखनात केनिया बॅरिस आणि गिलेर्मो देल तोरोही होते. नॉर्वेची आजी आणि तिचा गोरा नातू जाऊन कृष्णवर्णीय आजी-नातू आले, आणि गोष्ट गेली अमेरिकेतल्या 1968 च्या अलाबामात. नुसते नट बदलले असते तर मी खांदे उडवले असते. पण वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्कांचा कायदा होऊन चारच वर्षं झालेली. गोऱ्यांच्या थाटाच्या हॉटेलात ही दोघं पाहुणे म्हणून येतात आणि सामान उचलणारे हात त्यांच्याच रंगाचे. ऑक्टेव्हिया स्पेन्सरची आजी नातवाला सांगते की चेटकिणी गरिबांचीच मुलं हेरतात, हरवली तर कुणी ओरडा करणार नाही अशी. हे ऐकून काटा आला अंगावर. जुन्या सिनेमात ही भीती नव्हती. पुढे सिनेमा हा धागा सोडून उंदरांच्या पळापळीत रमतो, ही माझी तक्रार आहेच. पण तुझ्या निर्मात्यांना दाखव तो भाग. नायिका पाड्यावरची केली, तर गावातलं भूत तिच्याच वाटेला का जातं, याचं उत्तरही बदलायला हवं.

आणि मग या सिनेमातली चेटकिणींची म्होरकी, ॲन हॅथवे, हातमोजा काढते.

पुस्तकात चेटकिणींना मांजरीसारख्या वाकड्या नख्या असतात, त्या लपवायला हातमोजे. नव्या सिनेमात नख्यांऐवजी हाताला तीनच बोटं, मधे फट. वृंदा, तो जवळपास माझा डावा हात होता. मी सोफ्यावर एकटीच होते, तरी तो आपसूक उशीखाली गेला. शाळेत मला ‘खेकडा’ म्हणायचे ते तुला आठवत असेल; त्यातल्या दोघांशी तू मारामारी केलीस, तेही. आता त्याच शाळेतल्या एखाद्या पोरीला काय म्हणतील, ते सिनेमा काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीने आयतंच पुरवलं.

आरडाओरडा झाला. एमी मॅरेन ही ब्रिटिश पॅरालिम्पिक जलतरणपटू जाहीरपणे बोलली, खुद्द पॅरालिम्पिकच्या अधिकृत खात्यावरूनही निषेध झाला. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. म्हणे, पुस्तकातल्या नख्यांचा नवा अर्थ लावायला गेलो होतो. हॅथवेनेही माफी मागितली. हे रूप समोर आलं तेव्हा अशा हातांच्या माणसांशी त्याचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही, असं तिचं म्हणणं. मला ते खरं वाटतं, आणि गोम तिथेच आहे. वर्णाचा इतका विचार करणारी मंडळी, चित्र काढण्यापासून हात संगणकावर पुसण्यापर्यंत कितीजणांच्या नजरेखालून तो गेला असेल, आणि एकालाही खटकलं नाही. सुधारणा सगळी सज्जनांच्या बाजूला झाली. भूत कुणाच्या अंगावरून बेतलंय, हे कुणी पाहिलंच नाही.

गंमत म्हणजे पुस्तकातल्या आजीच्याच एका हाताला अंगठा नाही. नातू खोदून खोदून विचारतो, ती सांगत नाही. सिगार ओढणारी, चेटकिणींना पुरून उरणारी, गोष्टीतली सगळ्यात लाडकी बाई! ज्या पुस्तकावर बायकांना चेटकीण ठरवल्याबद्दल टीका झाली, त्यात हे तयार पडलेलं होतं.

तू म्हणशील, मग भूत घाबरवणार कशाने? डालने सांगितलेल्या चेटकिणींच्या खुणांतच बघ: रंग बदलणाऱ्या डोळ्यांच्या बाहुल्या, निळी थुंकी. असं कुठलं पोर वर्गात बसत नाही. त्याच खुणांतल्या, टोपाखाली लपवलेल्या टकलाचं मात्र अवघड आहे, केमोथेरपी घेतलेल्या बायकांचा विचार मनात येतोच. 2023 मध्ये प्रकाशकांनी पुस्तकात एक वाक्य घुसडलं, की बायका इतरही कारणांनी केसांचा टोप घालतात आणि त्यात काही वाईट नाही. हे वाचून मला हसूच आलं. गोष्ट थांबवून शिक्षकांनी सूचना वाचून दाखवावी तसं. तुझ्या सिनेमात असलं काही नको, प्लीज.

आपल्याकडे तर हडळीचे पायच उलटे. पाय वळलेलं मूल जन्मलं की आजही शेजारपाजारी काय कुजबुजतात, तू ऐकलंयस. आणि बाईला डाकीण ठरवून छळणं थांबवायला 2013 मध्ये कायदा करावा लागला, त्याच महाराष्ट्रात तुमचं शूटिंग आहे. उलट मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आठव. प्रभावळकरांनी केली, पुढे वैभव मांगलेंनी. पोरं टरकायची आणि खिदळायचीही, ती आवाजाच्या नखऱ्याला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, ते लंगडणं भुताकडून काढून घे. हवंच असेल तर नायिकेच्या आत्याला दे, आणि खरोखर तशी चालणारी नटी शोधा. भुताचा हात, पाय, पाठ जे काही घडवशील ते स्केच असतानाच चार वेगळ्या अंगाच्या माणसांना दाखव. साचा ओतून झाला, पैसे खर्च झाले, की ‘यात काही खटकतं का?’ या प्रश्नाला अर्थ राहत नाही; समोरचाही भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतो.

पुढच्या आठवड्यात दादरला ताईकडे येतेय. स्केचेस काढून ठेव, आणि निर्मात्यांना माझं मानधन विचारून ठेव. फुकटचा सल्ला हा शेवटचा.

तुझी,
माधवी