काकू, तुमच्या दोन प्रश्नांचे आभार

प्रिय काकू,

हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण खासगीत आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणता आणि विषय बदलता. इथे तसं करता येणार नाही. आता निमूटपणे शेवटपर्यंत वाचा.

ऑफिसच्या कामासाठी माझं परदेशी जाणं सुरू झालं आणि मोकळ्या संध्याकाळी काढलेले फोटो मी ओळखीच्या सगळ्यांना पाठवू लागले. बाकीच्यांकडून अंगठे यायचे. तुमच्याकडून व्हॉइस मेसेज यायचा. त्यात कौतुकाचा शब्द नसायचा, एक प्रश्न असायचा. लंडनच्या एका जुन्या गल्लीचा फोटो पाठवला, तर तुमचं सुरू: "उजवीकडच्या घराची वरची खिडकी विटांनी का बुजवली आहे?" फोटो माझा, पण ती खिडकी मला पहिल्यांदा तुम्ही दाखवलीत.

मग खिडकीपट्टीची गोष्ट सांगितलीत. इंग्लंडमध्ये 1696 पासून 1851 पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घ्यायचे, म्हणून लोकांनी काही खिडक्या बुजवून टाकल्या. मी लगेच ही गंमत पुढे चार जणांना पाठवायला निघाले, तेवढ्यात तुमचा दुसरा मेसेज: "थांब. बुजलेली दिसली की कर, असं ठोकून द्यायचं नाही. काही खिडक्या पहिल्यापासूनच खोट्या असतात, दर्शनी बाजू दोन्हीकडे सारखी दिसावी म्हणून. विटा आजूबाजूच्या भिंतीत गुंतल्या आहेत की मागाहून भरल्यासारख्या दिसतात, ते बघ आणि मग बोल." मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आले. सहकाऱ्यांना वाटलं, माझं काहीतरी हरवलंय.

वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवं की काकूंनी उमेदीची वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंग करण्यात घालवली. बोर्डवर ताणलेला ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, चूक झाली की ब्लेडने हलकेच खरवडायचं, आणि खाली अमोनियाच्या वासाचे प्रिंट. इमारतीचं कौतुक करणं हे त्यांचं काम नव्हतं. भिंत कुठे संपते आणि जिना कुठे वळतो हे दुसऱ्याला कळेल असं काढणं, हे काम होतं. काकूंची नजर तिथे घडली आहे. काका मात्र खाण्याचे. पण काकू, खाण्याबद्दलसुद्धा खरे प्रश्न तुमचेच असतात. काका फक्त "कसं होतं?" विचारतात.

तुमचे प्रश्न दोनच. नियम काय होता? आणि उरलं काय होतं? इमारत असो नाहीतर ताट, तुम्ही हेच विचारता. सुरुवातीला मला ते विचित्र वाटायचं. लिस्बनने ते डोक्यात पक्कं बसवलं.

लिस्बनच्या बायशा भागात सरळ रेषेत आखलेले रस्ते, एका उंचीच्या इमारती, एका मापाच्या खिडक्या. मला ते जरा कंटाळवाणंच वाटलं आणि मी तसं लिहिलं. तुम्ही विचारलंत, "एका मापाच्या खिडक्या कोणाला लागतात?" उत्तरही तुम्हीच दिलंत: ज्याला घाई आहे त्याला. 1 नोव्हेंबर 1755 ला भूकंप झाला, मागोमाग समुद्राची लाट आणि आगी. शहराचा हा सखल भाग संपला. पोंबाल या मंत्र्याच्या अमलाखाली तो पुन्हा उभा करताना दारं, खिडक्या, दगडी चौकटी ठरलेल्या मापात घडवल्या, म्हणजे आणून नुसत्या बसवायच्या. आणि भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा घातला, फुलीसारख्या तिरक्या पट्ट्यांचा, हादरा बसला की थोडं हलेल पण कोसळणार नाही असा. त्याला तिथे 'गायोला' म्हणतात, पिंजरा. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला, असं तिथे सांगतात. सगळा सांगाडा गिलाव्याखाली गेलेला असल्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. "म्हणजे तुझ्या फोटोत महत्त्वाची गोष्ट आलेलीच नाही," असं तुम्ही शांतपणे म्हणालात. शेवटी एका ठिकाणी गिलावा काढून तो लाकडी पिंजरा मुद्दाम उघडा ठेवलेला सापडला आणि मी त्याचे इतके फोटो काढले की तिथल्या माणसाने मला विचारलं, तुम्ही इंजिनियर का?

दुसरा प्रश्न लिस्बनच्याच बेलें भागात गेल्यावर आला. तिथल्या पिवळ्या कस्टर्डच्या छोट्या टार्टचा फोटो मी पाठवला होता. कडा करपट, वरती काळे डाग, आत नुसतं पिवळं. तुमचा मेसेज आला: "एवढे बलक कशाला? पांढरं कुठे गेलं?" माझे दोन घास खाऊन झाले होते, तरी हा प्रश्न मला पडला नव्हता. पोर्तुगालच्या मठांमध्ये कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरायचे. पिवळे बलक उरायचे. तिथल्या गोड पदार्थांचं एक मोठं खानदान त्या उरलेल्या बलकांतून वाढलं. 1834 मध्ये तिथले मठ सरकारने बंद केले, आणि 1837 पासून बेलेंच्या जेरोनिमुश मठाजवळ हे टार्ट दुकानात विकले जाऊ लागले. मग मी पुन्हा मठासमोर गेले आणि पहिल्यांदा दगडी नक्षीपेक्षा आतल्या धुलाईचा विचार केला. इतक्या झग्यांना खळ घालणारे हात कोणाचे असतील? हे मात्र कुठल्याच पाटीवर नव्हतं.

रोमला जाताना तुम्ही आधीच बजावलं होतंत की कोलोसियम बघ, पण अर्धा दिवस टेस्टाच्चो या भागासाठी ठेव. तिथली टेकडी मी आयुष्यभर विसरणार नाही. सुमारे पस्तीस मीटर उंच, वर गवत, झुडपं, आणि जवळ जाऊन बघितलं तर सगळीच्या सगळी खापरांची. जुन्या रोममध्ये ऑलिव्हचं तेल मोठमोठ्या मातीच्या रांजणांतून बोटीने यायचं, बरंचसं आजच्या दक्षिण स्पेनमधून. तेल मुरलेला रांजण खवट होतो, पुन्हा वापरता येत नाही. मग तो फोडून इथे टाकायचे. काही खापरांवर वजन, नावं, नोंदी शाईने लिहिलेल्या सापडल्या आहेत. हे कळवल्यावर तुमचा आवाज एकदम खुलला होता. "म्हणजे कोणीतरी बसून लिहीत होतं बघ!" सम्राटांबद्दल तुम्ही इतक्या मायेने कधी बोलला नाहीत.

टेकडीच्या पायथ्याशी खोदलेली तळघरं आहेत. खापरांच्या फटींमुळे आत गारवा राहतो, म्हणून पूर्वी तिथे दारू साठवायचे. आता काही खानावळी आहेत, आणि काचेमागे खापरांची भिंत बघत जेवता येतं. समोर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला कत्तलखाना आहे, 1975 मध्ये बंद झालेला. तिथल्या कामगारांना पगाराचा काही भाग जनावराच्या उरलेल्या अवयवांच्या रूपात मिळे: आतडी, जीभ, शेपूट. चांगले तुकडे पैसेवाल्यांकडे जात. त्या भागातलं प्रसिद्ध जेवण अशा उरलेल्यातून झालंय. आणि बैलाच्या शेपटीचा तो तासन् तास शिजवलेला रस्सा कसा करतात, हे वेटरला विचारून घ्यायला मला कोणी लावलं? जन्मभर शाकाहारी असलेल्या तुम्ही! कत्तलखान्याच्या इमारतींत आता आर्किटेक्चरचं कॉलेज भरतं. छताखालचे लोखंडी आकडे तसेच आहेत, त्यांच्याखालून मुलं ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेऊन फिरतात. हा फोटो तुम्ही मोबाइलवर लावून ठेवला आहे, हे मला काकांनी सांगितलं.

सिंगापूर थोडक्यात, कारण त्यावर आपली पुष्कळ चर्चा झाली आहे. रस्त्याला लागून दुकानघरांच्या पुढे सलग छप्पर असलेली वाट ठेवायचा नियम 1822 च्या नगररचनेत आला, आणि ऊन असो की पाऊस, माणूस अजून त्या वाटेने कोरडा चालतो. रस्त्यावरचे खाद्यविक्रेते पुढे पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या बांधीव जागांमध्ये हलवले गेले. 2020 मध्ये त्या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली, ही तिथली रीत कुठल्या नियमात बसते, यावर तुमचं-माझं अजून एकमत नाही.

आता फोटोंबद्दल. मी रीतसर फोटोग्राफी शिकलेले नाही आणि शिकायची इच्छाही नाही. खिशातला मोबाइल पुरतो. तुम्ही तीन-चार सवयी लावल्यात, त्यावर माझं काम चालतं. पहिली म्हणजे फोटोत मापाची वस्तू हवी: दार, माणूस, सायकल, ताटाशेजारी चमचा. पूर्वी माझ्या फोटोतली खिडकी दोन फुटांची की सहा, काहीच कळायचं नाही. दुसरी, इमारतीचा फोटो काढताना मोबाइल वर तिरका करायचा नाही, तिरका केला की भिंती मागे कलंडतात. सरळ धरायचा आणि हवं तर मागे सरकायचं, समोरच्या इमारतीचा जिना चढायला परवानगी मिळाली तर फारच उत्तम. तिसरी, आधी अख्खं घर, मग दार, मग बिजागरी, या क्रमाने जायचं. जेवणाचंही तसंच: आधी दुकान, मग भट्टी, मग ताट. आणि जेवणाऱ्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नाही. या शेवटच्या बाबतीत तुम्ही फारच कडक आहात आणि तुमचंच बरोबर आहे. एकाही माणसाने मला नकार देताना रागावलेलं आठवत नाही, उलट विचारल्यामुळे कितीतरी जणांनी भट्टीजवळ नेऊन दाखवलं.

पॅरिसचा तो फोटोग्राफर अ‍ॅटजे, जुनी दारं, जिने आणि दुकानांच्या काचा जड कॅमेऱ्याने टिपत फिरायचा, तो आपल्या फोटोंना कलावंतांसाठीची कागदपत्रं म्हणायचा, हे तुम्हीच ऐकवलंत. सूर्यास्त वगैरे पाठवायची माझी हौस तेव्हापासून बरीच कमी झाली. पूर्ण गेलेली नाही. ते तुम्ही चालवून घ्या.

काकू, तुमच्या त्या मेसेजांमुळे अनोळखी शहरात एकटीने फिरण्याची माझी भीती कमी झाली. हे तुम्हाला माहीत नसेल. विचारायला प्रश्न असला की माणसांशी बोलायला निमित्त मिळतं, आणि बोलणं झालं की परकेपणा निम्मा होतो. रोमच्या त्या वेटरने शेपटीच्या रश्श्याची कृती तर सांगितलीच, वर मला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. हे सगळं तुमच्याकडून आलेलं आहे, म्हणून मनापासून आभार.

पुढची फेरी बार्सिलोनाची आहे. सेर्दा नावाच्या नगररचनाकाराने 1859 च्या आराखड्यात तिथल्या चौकांचे कोपरे तिरके कापले, ते वाहनांना वळायला आणि समोरचं दिसायला सोपं जावं म्हणून, एवढं मी वाचून ठेवलंय. कापल्यामुळे तिथे जी जागा मोकळी झाली, तिचं लोकांनी काय केलं, हे तुम्ही विचारणारच. ते तिथे जाऊन बघते.

निवडक फोटोंचे प्रिंट काढले आहेत. मागे शहर, रस्ता आणि तारीख पेन्सिलने लिहिली आहे, तुम्ही सांगितलं होतं तशी. रविवारी घेऊन येते. काकांना सांगा, खाण्याचे फोटो वेगळ्या पाकिटात आहेत.

तुमची,
वरच्या मजल्यावरची